फोनने काढलेल्या नंबरावर चष्मा द्यावा का?

प्रश्न : मी निपाणी येथील एका नेत्रचिकित्सालयात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. विडी कामगार महिलांच्या एका मंडळाने आसपासच्या गावांत नेत्रतपासणी शिबिरे घ्यायचे ठरवले असून, एका देणगीदाराने त्यासाठी फोनला जोडून चष्म्याचा नंबर काढणारी दोन यंत्रे दिली आहेत. विक्रेता म्हणतो की आता ट्रायल बॉक्स (वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांची पेटी) घेऊन फिरायची गरज नाही. मंडळातील मुलींना अर्धा दिवस शिकवले की त्याच नंबर काढतील आणि त्यावरून थेट चष्मे करता येतील. त्याच्या माहितीपत्रकात यंत्राचा नंबर आणि तपासनिसाचा नंबर यांचा सहसंबंध जवळजवळ पूर्ण असल्याचे छापले आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी यंत्राची चाचणी घेऊ असे सांगून ते काम माझ्यावर सोपवले आहे. ही चाचणी कोणावर, किती जणांवर आणि कशी घ्यावी? यंत्राचा नंबर आणि माझा नंबर वेगळा आला तर खरा कोणाचा मानायचा? मागच्या महिन्यात एका गावात यंत्राच्या नंबरावरून काही चष्मे देऊनही झाले आहेत; त्याची काळजी वाटते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या डॉक्टरांनी घेतलेली भूमिका योग्य आहे आणि ती तुम्ही शेवटपर्यंत सोडू नये, असे मला मनापासून वाटते. अशी यंत्रे टाकाऊ नसतात. त्यांतील काही खरोखर चांगली आहेत आणि जिथे ऑप्टोमेट्रिस्ट महिनोन्‌महिने फिरकत नाही अशा गावांत त्यांचा उपयोगही मोठा आहे. परंतु एखादे यंत्र दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वयाच्या लोकांवर बरोबर ठरले म्हणून ते निपाणीच्या विडी कामगार बाईच्या डोळ्यावर बरोबर ठरेलच असे नाही. ज्यांच्यासाठी यंत्र वापरायचे आहे त्यांच्यावरच त्याची परीक्षा व्हायला हवी. माझ्या उत्तराचा सगळा भर याच गोष्टीवर आहे.

सर्वप्रथम तुमच्या हातातले यंत्र कोणत्या पद्धतीने चालते ते पाहा, कारण त्याच्या चुका त्या पद्धतीतून येतात. एका प्रकारात माणूस फोनच्या पडद्यावर बसवलेल्या सूक्ष्म भिंगांतून किंवा छिद्रांतून आत पाहतो, त्याला लाल व हिरवी रेघ दिसते आणि कळ दाबून त्या रेघा एकमेकींवर आणायच्या असतात. किती वेळा कळ दाबावी लागली यावरून नंबर निघतो. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २०१० साली पुढे आलेले ‘नेत्रा’ हे यंत्र या कल्पनेवर उभे होते आणि त्या गटाचे एक प्रमुख, रमेश रासकर, हे मूळचे नाशिकचे व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. दुसऱ्या प्रकारात डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा बारीक किरण सोडला जातो, तो डोळ्याच्या आतील पडद्यावरून परावर्तित होऊन बाहेर येताना भिंगांच्या जाळीतून जातो आणि प्रकाशाचे ठिपके किती सरकले यावरून गणित होते. याला हार्टमन–शॅक पद्धत म्हणतात. तिसऱ्या प्रकारात फोनच्या प्रकाशझोतात डोळ्याच्या बाहुलीचा फोटो घेऊन अंदाज बांधला जातो, पण तो मुख्यतः लहान मुलांच्या प्राथमिक चाळणीसाठी असल्याने तुमच्या कामाचा नाही.

पहिल्या प्रकारात उत्तर माणसाकडून येते आणि दुसऱ्यात डोळ्याकडून. पहिल्या प्रकारचे यंत्र असेल तर ‘रेघा एकावर एक आल्या का?’ या प्रश्नाला साठीची बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनही ‘आल्या, आल्या’ असे सांगून टाकते. शिबिरात हे नेहमी घडते आणि त्यात त्या बाईचा दोष काहीच नसतो. दुसऱ्या प्रकारचे असेल तर बोलण्याचा प्रश्न मिटतो, पण बाहुली लहान असली किंवा मोतीबिंदू पिकू लागला असला की बाहेर येणारा प्रकाश विस्कटतो आणि यंत्र एक तर नंबर देत नाही किंवा चुकीचा देते.

आता चाचणी कोणावर घ्यावी याविषयी. चिकित्सालयातील कर्मचारी, महाविद्यालयीन मुले, सोबत आलेले नातेवाईक अशा सोयीच्या माणसांवर यंत्र तपासण्याचा मोह होतो, आणि बहुतेक चाचण्या नेमक्या इथेच फसतात. विशीतल्या, स्वच्छ डोळ्यांच्या आणि उणे अर्धा ते उणे दीड एवढ्याच नंबराच्या मुलांवर कोणतेही बरे यंत्र चांगलेच दिसेल. तुमच्या शिबिरात येणार आहेत त्या बहुतांशी चाळीस ते सत्तर वयाच्या बायका. त्यांतील काहींना मधुमेह असेल, काहींना मोतीबिंदूची सुरुवात, काहींची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि कित्येकींनी आयुष्यात एकदाही चष्मा लावलेला नसेल. म्हणून चाचणीसाठी माणसे त्याच गावांतून, त्याच मंडळांतून आणि शिबिरात येतात तशीच, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने घ्या. निवडून घेऊ नका. चाळिशीच्या आतील, चाळीस ते साठमधील आणि साठीपुढील असे तिन्ही गट पुरेसे आहेत की नाही याकडे लक्ष ठेवा, आणि फक्त शून्याच्या आसपासचे नंबर जमा होत असतील तर मोठ्या नंबराची माणसे मिळेपर्यंत काम चालू ठेवा.

वयाचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. भारताच्या ग्रामीण भागात ७०८ जणांवर केलेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ते यंत्र फोनचे नव्हते, पण हातात धरून वापरायचे व तुलनेने स्वस्त होते, आणि चाचणीत लोकांना यंत्राच्या नंबराची भिंगे व तपासनिसाच्या नंबराची भिंगे अशा दोन्हींतून पाहायला लावून पसंती विचारली होती. एकूण कल थोडासा तपासनिसाच्या नंबराकडे झुकला. मात्र चाळीस व त्याखालील वयाच्या लोकांना दोहोंमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक जाणवला नाही. तेच यंत्र, त्याच चाचणीत, वयानुसार वेगळे उतरले. तुमच्या शिबिरातील बहुसंख्य बायका चाळिशीच्या पुढच्या असणार, हे ध्यानात ठेवले म्हणजे माहितीपत्रकातील एका आकड्यावर विसंबून राहणे का धोक्याचे आहे ते कळेल.

चाळिशीच्या आतल्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्या डोळ्यातील भिंग जवळचे पाहण्यासाठी सहज फुगते, आणि डोळ्याला यंत्र चिकटवून आत डोकावले की ‘वस्तू जवळ आहे’ अशी डोळ्याची समजूत होऊन खोटा मायनस नंबर येतो. आत बंद नळीत पाहायचे यंत्र असेल तर हा दोष अधिक. ज्यातून आरपार दूरची खूण पाहता येते त्यात कमी. तेव्हा तरुणांच्या बाबतीत यंत्र सतत जास्त मायनस दाखवते का, हे स्वतंत्रपणे तपासा. शंका राहिली तर डोळ्यातील भिंगाचे फुगणे तात्पुरते थांबवणारे औषध घालून तपासणी करायची की नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावे. काचबिंदूचा धोका असलेल्या डोळ्यात ते औषध त्रास देऊ शकते, त्यामुळे शिबिरात ते घालू नये.

प्रत्यक्ष चाचणीत एक शिस्त कसोशीने पाळा. यंत्राचा नंबर तुम्हाला दिसता कामा नये आणि तुमचा नंबर यंत्र चालवणाऱ्या मुलीला दिसता कामा नये. तुम्ही प्रामाणिक आहात याविषयी मला शंका नाही. परंतु समोर उणे ०.७५ लिहिलेले असेल तर ट्रायल फ्रेममध्ये भिंगे बदलताना हात आपोआप उणे ०.७५ पाशी थांबतो, आणि मग दोन्ही नंबर जुळले याचा काहीच अर्थ उरत नाही. दोन वेगळी टेबले, दोन वेगळ्या वह्या आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या खोल्या ठेवा. आधी यंत्र की आधी तुम्ही, हे दर बाईगणिक नाणे उडवून किंवा आधीच बंद करून ठेवलेल्या पाकिटातील चिठ्ठीने ठरवा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच बाजूला जाणार नाही. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात व्हाव्यात. मधुमेहाच्या रुग्णांची साखर वाढली की नंबर तात्पुरता सरकतो, त्यामुळे आज यंत्र आणि आठवड्याने तपासनीस असे केले तर तुम्ही यंत्राची नव्हे, साखरेची परीक्षा घेतलेली असेल.

तुमच्या बाजूची तपासणीही घाईची नसावी. स्ट्रीक रेटिनोस्कोपने (डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून नंबर ओळखण्याच्या साधनाने) नंबर काढा, मग ट्रायल फ्रेममध्ये भिंगे घालून तक्त्यासमोर नीट पक्का करा, तिरपा नंबर क्रॉस सिलिंडरने तपासा आणि तरुणांच्या बाबतीत आधी प्लस भिंगाने धूसर करून हळूहळू खाली या. तुलना करायची असेल तर ज्याच्याशी तुलना होते ते माप पक्के असले पाहिजे. काही बायकांची तपासणी, तुमचा नंबर न सांगता, दुसऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडून पुन्हा करून घेता आली तर फारच उत्तम. दोन अनुभवी तपासनिसांतही पाव डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) फरक सर्रास पडतो आणि कधीकधी अर्ध्याचाही पडतो. माणसामाणसांतला हा फरक हाताशी असला म्हणजे यंत्राकडून किती अपेक्षा करायची ते न्यायाने ठरवता येते.

यंत्राने प्रत्येक डोळा एकदाच मोजू नका. तीन वेळा मोजा आणि दर वेळी यंत्र डोळ्यापासून पूर्ण दूर करून पुन्हा लावा. ज्या यंत्राची स्वतःचीच तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याची इतर कोणाशी तुलना करण्यात वेळ घालवू नये. आणि यंत्राने नंबर दिलाच नाही तर तशी नोंद करा, ती बाई यादीतून वगळू नका. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो आहे. शंभरांपैकी पंधरा जणींचा नंबर यंत्राला काढताच आला नाही आणि उरलेल्या पंच्याऐंशींचा छान जुळला असे समजा. अहवालात फक्त पंच्याऐंशींचे लिहिले तर यंत्र उत्तम ठरेल, पण त्या पंधरा जणींनाच बहुधा मोतीबिंदू असेल किंवा त्यांचा नंबर सर्वांत मोठा असेल, आणि चष्म्याची अथवा शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज त्यांनाच असेल.

आता माहितीपत्रकातील सहसंबंधाकडे, म्हणजे दोन मापे एकमेकांबरोबर किती वाढतात-घटतात ते सांगणाऱ्या आकड्याकडे, येऊ. पूर्ण सहसंबंध म्हणजे एक. सहसंबंध उंच असणे आणि नंबर जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे यंत्र प्रत्येक डोळ्याला एक डायॉप्टर जास्त मायनस देत असेल तरीही सहसंबंध पूर्ण एक येईल, कारण एकाचा नंबर वाढला की दुसऱ्याचाही त्याच मापाने वाढतो. आणि तरीही प्रत्येक चष्मा चुकीचा असेल. शिवाय उणे आठपासून अधिक पाचपर्यंत नंबर असलेली माणसे एकत्र घेतली की सहसंबंध आपोआपच चढतो. १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ही गफलत स्पष्ट करून एक सोपी रीत मांडली, आणि तुम्हीही तीच वापरा. प्रत्येक बाईच्या बाबतीत यंत्राच्या नंबरातून तुमचा नंबर वजा करा. या सर्व फरकांची सरासरी काढा, आणि फरक किती पसरलेले आहेत ते दाखवणारे प्रमाण विचलन काढा. सरासरीपासून वर आणि खाली १.९६ गुणिले प्रमाण विचलन एवढ्या अंतरात सुमारे ९५ टक्के डोळे येतात. त्या दोन टोकांना जुळणीच्या मर्यादा म्हणतात.

केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सरासरी फरक उणे ०.२० आणि प्रमाण विचलन ०.४५ आले, तर मर्यादा उणे १.०८ पासून अधिक ०.६८ पर्यंत जातात. सरासरी ऐकून यंत्र उत्तम वाटते. मर्यादा सांगतात की एखाद्या बाईला एक डायॉप्टरहून अधिक मायनस चुकीने मिळू शकतो. चष्मा सरासरीला घालायचा नसतो, तो एका माणसाला घालायचा असतो, त्यामुळे तुमच्या अहवालात सरासरीच्या शेजारी या मर्यादा ठळकपणे यायलाच हव्यात. तसेच फरक पाव डायॉप्टरच्या आत, अर्ध्याच्या आत आणि एकाच्या आत किती डोळ्यांत राहिला ते मोजून लिहा. डॉक्टरांना व मंडळाच्या अध्यक्षांना ते लगेच कळेल. किती फरक चालेल हे मात्र मोजणी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांबरोबर बसून कागदावर लिहून ठेवा, कारण आकडे हाती आल्यावर ठरवलेली मर्यादा नेहमी आकड्यांच्या सोयीची निघते.

किती जणांवर, याचे उत्तरही या गणितातूनच मिळते. शंभर जण घेतले तर प्रत्येक मर्यादेत प्रमाण विचलनाच्या सुमारे एकतृतीयांश एवढी अनिश्चितता राहते, म्हणजे वरच्या उदाहरणात ०.१५ डायॉप्टरच्या आसपास. तीसच घेतले तर ती ०.२८ च्या घरात जाते आणि निष्कर्ष डळमळतो. म्हणून शंभराच्या खाली थांबू नका, आणि वयाच्या प्रत्येक गटाविषयी स्वतंत्रपणे काही बोलायचे असेल तर त्याहून अधिक घ्या. एका बाईचे दोन डोळे म्हणजे दोन माणसे नव्हेत. दोन्ही डोळे बहुधा सारखेच असतात, त्यामुळे ते वेगवेगळे मोजून संख्या फुगवू नका. दोन्ही डोळ्यांचे माप घ्या, पण हिशेबात सर्वांचा उजवाच डोळा धरा.

हिशेबात एक चकवा असतो, तो तिरप्या नंबराचा. हा नंबर किती आहे ते सिलिंडर सांगतो आणि कोणत्या दिशेला आहे ते अंशांत लिहिलेला अक्ष. अधिक ०.५०, सिलिंडर उणे १.००, अक्ष ९० असा नंबर आणि उणे ०.५०, सिलिंडर अधिक १.००, अक्ष १८० असा नंबर लिहायला वेगळे असले तरी भिंग एकच आहे. यंत्र एका रीतीने लिहीत असेल आणि तुम्ही दुसऱ्या, तर नसलेला फरक दिसेल. म्हणून सगळे नंबर आधी एकाच रीतीत आणा आणि गोल नंबरात सिलिंडरचा निम्मा भाग मिळवून त्याची तुलना करा. अक्षाची वजाबाकी तर कधीच सरळ करू नये, कारण ५ आणि १७५ या अक्षांत १७० अंशांचा नव्हे, फक्त १० अंशांचा फरक असतो. सिलिंडर आणि अक्ष दोन्ही मिळून दोन संख्यांत मांडण्याची रीत थिबोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली असून, तुमच्या चिकित्सालयातील कोणीही संगणकाच्या तक्त्यात ते सूत्र घालून देऊ शकेल.

खरा नंबर कोणाचा, असे तुम्ही विचारले आहे. पाव डायॉप्टरच्या फरकासाठी यंत्राला किंवा स्वतःला दोष देऊ नका. तेवढा फरक माणसामाणसांतही पडतो. अर्ध्याहून अधिक फरक असेल तर त्या बाईलाच विचारा, कारण अखेर चष्मा तिच्या डोळ्यावर बसणार आहे. ट्रायल फ्रेममध्ये एकदा यंत्राचा आणि एकदा तुमचा नंबर घाला, कोणता कोणाचा हे तिला सांगू नका, शक्य असेल तर भिंगे घालणाऱ्यालाही सांगू नका, आणि प्रत्येकातून तक्त्यावरची कोणती ओळ वाचता येते ते लिहून मग पसंती विचारा. ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर देण्याची मोकळीक तिला असली पाहिजे. जिथे फरक एक डायॉप्टरहून मोठा असेल तिथे आकडेमोड बाजूला ठेवून त्या डोळ्याचे कारण शोधा. बहुतेक वेळा मोतीबिंदू, बुबुळावरील जुना डाग किंवा यंत्र तिरके धरल्याचा दोष सापडतो, आणि तुमच्या चाचणीत शिकण्यासारखे सर्वाधिक याच मोजक्या डोळ्यांत असेल.

तक्त्याचा प्रश्न आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. एकाच मंडळात मराठी वाचणारी, कन्नड वाचणारी आणि कोणतीच लिपी न वाचणारी बाई शेजारी शेजारी बसलेली असते. कुणाला मराठी अक्षरांचा, कुणाला कन्नड अक्षरांचा आणि कुणाला इंग्रजीचा तक्ता दाखवला तर मापे एकमेकांशी जुळवता येणार नाहीत. शिवाय ज्या बाईला अक्षरे नीट येत नाहीत ती लाजेने ‘दिसत नाही’ म्हणते आणि तिची नजर आहे त्याहून कमी नोंदवली जाते. सर्वांसाठी एकच, इंग्रजी ‘E’ची टोके कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचा तक्ता ठेवा. यंत्र वापरताना द्यायच्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, ठरलेल्या शब्दांत, आधीच लिहून ठेवा आणि सर्वांना त्याच वाचून दाखवा.

फोनविषयी थोडे. तपासणी समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात होणार, तिथे उघड्या दारातून ऊन येते आणि पडद्याची रेघ किंवा अवरक्त ठिपके दोन्ही त्यात हरवतात. पडदे लावून अंधुक कोपरा तयार करा. एकाच जातीचा फोन, एकच ॲपची आवृत्ती आणि पडद्याचा ठरलेला प्रकाश शेवटपर्यंत ठेवा. फोन बदलला की पडद्यावरच्या ठिपक्यांची दाटी बदलते आणि यंत्राचे गणितही त्यावर अवलंबून असू शकते. दररोज सकाळी, नंबर माहीत असलेल्या कृत्रिम डोळ्यावर दोन्ही यंत्रे तपासून घ्या. दोन यंत्रांपैकी एकच चुकीचे असेल तर ते यातूनच उघड होईल.

ज्यावर मला सर्वाधिक बोलावेसे वाटते तो मुद्दा जवळच्या नंबराचा आहे, आणि तो तुमच्या पत्रात आलेलाच नाही. अशी बहुतेक यंत्रे लांबचा नंबर काढतात. पण चाळिशी ओलांडलेल्या विडी कामगार बाईची खरी अडचण कोणती असते? मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, बोटांत दोरा, आणि तो दोरा गुंडाळताना टोक दिसत नाही. तिचा लांबचा नंबर शून्य असेल, यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणेल, आणि ती शिबिरातून रिकाम्या हाताने परत जाईल. आसाममधील चहाच्या मळ्यांतील चाळीस व त्यापुढील वयाच्या कामगारांवर झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात बोलकी आहे. जवळच्या चष्म्यामुळे पाने खुडण्याच्या कामात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, २१.७ टक्क्यांचा फरक पडला. विडीचे काम नगावर मोजून मजुरी देणारे असल्याने अशा फरकाचा अर्थ त्या बायकांना मी सांगण्याची गरज नाही.

म्हणून शिबिरात यंत्राच्या टेबलाशेजारी जवळच्या नजरेचे टेबल असलेच पाहिजे आणि तिथे ट्रायल बॉक्स लागणारच. वयावरून ठोकळेबाज नंबर देऊ नका. बाईला ती कामाला बसते तशी खाली बसवा, मांडीवर सूप द्या आणि डोळ्यापासून सुपापर्यंतचे अंतर टेपने मोजा. अंतर ४० सेंटिमीटर असेल तर डोळ्याला २.५० डायॉप्टरची शक्ती लागते, ३३ सेंटिमीटरला ३.००, आणि ५० ला २.००, त्यांतील किती तिच्या डोळ्यात अजून शिल्लक आहे ते पाहून उरलेली भिंगाने द्यायची. बेळगावातील शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकराचे अंतर वेगळे असते, तिथल्याच उद्यमबागेतील कारखान्यात यंत्रावर उभे राहणाऱ्या कामगाराचे आणखी वेगळे. एकाच वयाच्या या तिघांना एकच जवळचा नंबर दिला तर त्यांतील दोघांचा चष्मा घरी कपाटात पडून राहील.

मंडळातील मुलींना काम देऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्या यंत्र उत्तम चालवू शकतील, नावे लिहितील, नजर मोजतील, आणि त्यांच्या बोलीत बोलल्याने बायकाही मोकळ्या होतील. पण यंत्राचा नंबर हा तुमच्या तपासणीची सुरुवात असावा आणि चष्म्याच्या कागदावर तुमची सही असावी. चाचणीत यंत्र चांगले ठरले तर तुमचे प्रत्येक बाईमागचे काम हलके होईल, हाच त्याचा खरा लाभ आहे. त्या मुलींना आणखी एक गोष्ट अवश्य शिकवा : बारीक छिद्राची चकती डोळ्यासमोर धरून नजर सुधारते का ते पाहणे. सुधारली तर दोष बहुधा नंबराचा. नाही सुधारली तर चष्म्याने बहुधा भागणार नाही, मागे मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा विकार असू शकतो आणि त्या बाईला डॉक्टरांकडे पाठवलेच पाहिजे. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते, कोणाचे नातेवाईक मिरजेला असतात, कोणाला बेळगावच सोयीचे; कुठे जाणार ते तिला विचारून चिठ्ठीवर तसे लिहून द्या, नुसते ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणू नका. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि मधुमेहाने पडद्यावर होणारा बिघाड सुरुवातीला नजर कमी करत नाही, त्यामुळे यंत्राने नंबर शून्य दाखवला तरी चाळिशीपुढील प्रत्येकीला, आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकीला, डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घेण्यास सांगा.

कागदपत्रांची बाजूही सांभाळा. हे माणसांवरील संशोधन असल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची संमती आधी लागते. तुमच्या डॉक्टरांनी बेळगावातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे चौकशी करावी. संमतिपत्र मराठी व कन्नड दोन्हींत असावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, तेव्हा या यंत्राची नोंदणी वा परवाना कोणता आहे ते विक्रेत्याकडून लेखी मागा. ॲप बायकांची नावे, फोन क्रमांक किंवा डोळ्यांची चित्रे कुठे पाठवते तेही लेखीच विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर नावाऐवजी फक्त क्रमांक घाला आणि क्रमांकांची वही चिकित्सालयात कुलपात ठेवा. चाचणीचा निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करण्याची मोकळीक तुम्हाला राहील, हे देणगीदाराशी आत्ताच बोलून घ्या.

राहता राहिले मागच्या महिन्यात दिलेले चष्मे. त्यासाठी चाचणी संपण्याची वाट पाहू नका. मंडळाच्या वहीतून त्या बायकांची यादी काढा आणि त्यांना याच आठवड्यात, चष्मे घेऊन, एकत्र बोलवा. आधी प्रत्येक चष्मा लेन्सोमीटरवर (तयार भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा, कारण चूक यंत्राची नसून भिंग बसवणाऱ्याचीही असू शकते. दोन भिंगांच्या मध्यांतील अंतर बाहुल्यांच्या अंतराशी जुळते का तेही पाहा. मग नव्याने नंबर काढा. ज्यांना चष्मा लावल्यावर डोके दुखते, पायरी उतरताना जमीन वर-खाली वाटते किंवा ज्यांनी तो लावणेच सोडले आहे, त्यांना प्रथम घ्या. नंबर अर्ध्या डायॉप्टरहून अधिक चुकला असेल तर भिंगे बदलून द्या आणि तो खर्च त्या बायकांवर पडू देऊ नका. देणगीदाराला हे सांगितले तर तो नाही म्हणेल असे मला वाटत नाही. यंत्राने काढलेला त्यांचा जुना नंबर फाडून टाकू नका, नव्या नंबराशेजारी लिहून ठेवा. मात्र ही पाहणी चाचणीच्या शंभर जणींत धरू नका, कारण इथे यंत्राचा नंबर आधीच सगळ्यांना ठाऊक आहे.